तेल गरम होईपर्यंत

लोणी काळभोर
१७ नोव्हेंबर २०२४

चि. पृथ्वीराज यास आबाचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझी पिवळी गाडी काल दुपारी पोचली. ट्रकवरून उतरवताना मी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे कुठे घासली असेल तर मला माहीत नाही. तुझी आजी म्हणते, घासली नाही. बैल गेल्यापासून गोठा मोकळाच होता, तो झाडून घेतला आणि त्यात ती उभी केली आहे. फार बसकी आहे. मांजरसुद्धा तिच्याखालून अंग चोरून जातं.

पत्र लिहितो आहे, कारण फोनवर मला आता काही कळत नाही. कानातलं यंत्र लावलं की तुझा आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा येतो आणि मी उगीच हो हो म्हणत राहतो. मागच्या आठवड्यात असाच हो म्हणालो आणि गाडी दारात आली. शेजारचा सुखदेव रोज दुधाची व्हॅन घेऊन कोथरूडला येतो, त्याच्याजवळ हे देतो आहे. उत्तरही त्याच्याच हाती पाठव, पण पाकीट नीट चिकटव. माणूस चांगला आहे, फक्त चौकस फार.

आता मला हे सांग की ती चालू कधी करायची. नुसती उभी ठेवली तर आतलं तेल घट्ट होईल ना? आपल्या विहिरीवरचं इंजिन थंडीत असं गारठायचं की हँडल फिरवताना खांदा निखळायची पाळी यायची. गोठ्याचा पत्रा संध्याकाळपासूनच गार पडतो. म्हणून आजीच्या दोन गोधड्या बोनेटवर टाकल्या आहेत, मऊ बाजू खाली करून. उंदीर वायरी खातात असं सुखदेव म्हणाला, तेव्हापासून मला आणखी एक घोर लागला आहे.

ही गाडी मला कधी आवडली नाही, ते तुला माहीत आहे. तू तिला त्या शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायचास त्या दिवशी मला जेवण जायचं नाही. आणि अपघात झाला तो कुठे, तर घरापासून हाकेच्या अंतरावर, स्कूटरवर, मागे मागे येणाऱ्या पाण्याच्या टँकरखाली. म्हणजे इतकी वर्षं मी चुकीच्या गाडीची काळजी करत होतो.

पाय कसा आहे? खरं लिही.

आबा


कोथरूड
२० नोव्हेंबर

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

गाडी सांभाळताय, बरं वाटलं. सोसायटीत पार्किंगवरून कटकट चालली होती, म्हणून पाठवली. पाय अजून पूर्ण बरा नाही. क्लच दाबताना दुखतो, त्यामुळे सध्या चालवायचा प्रश्नच नाही.

गोधड्या काढा. तेलाला त्याने काही होत नाही आणि आजी थंडीत काय पांघरणार?

तेलाचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. गार तेल जाड असतं, इंजिनात सगळीकडे पोचायला वेळ घेतं. तोवर गाडी जोरात पळवली तर आतलं लोखंड लोखंडावर घासतं. म्हणून ट्रॅकवर जायचो तेव्हा मी घरापासून अगदी हळू निघायचो. काटा वर न्यायचा नाही, रेस दाबायची नाही. पडद्यावर तेलाचा आकडा दिसतो, तो ऐंशीच्या पुढे गेल्याशिवाय जोर लावायचा नाही. ट्रॅकवरसुद्धा पहिल्या दोन फेऱ्या हळूच. बाकीची मुलं हसायची, काका आले म्हणायची. आबा, खरं सांगू का, मला दिवसभरात तेच आवडायचं. गाडी हळूहळू सैल होत जाते, स्टिअरिंगमधून हाताला कळतं.

असो. जानेवारीत वाकडचा एक जण गाडी बघायला येणार आहे, बहुतेक घेईल. तोवर कुलूप लावून ठेवा. बॅटरीसाठी वाटलंच तर आठवड्यातून एकदा चालू करा.

पृथ्वीराज


लोणी काळभोर
१ डिसेंबर

चि. पृथ्वीराज यास आशीर्वाद.

विकायची असेल तर बिघडलेली गाडी समोरच्याला कशी द्यायची? या विचाराने मला स्वस्थ बसवत नाही. तू आठवड्यातून एकदा म्हणालास, पण सहा दिवस गारठलेलं तेल एका दिवसात कसं सुधारणार? म्हणून मी रोज सकाळी चालू करतो. चहा झाला की गोठ्यात जातो, दार आतून लावून घेतो म्हणजे वारा येत नाही आणि ऊब टिकते. मग बटण दाबून बाजूला पोत्यावर बसतो. आपलं विहिरीवरचं इंजिन टुकटुक करायचं, ही गुरगुरते. चांगला अर्धा-पाऊण तास चालू ठेवतो. काटा मधोमध आला की तेल गरम झालं असं समजतो आणि बंद करतो.

सुखदेव दारात उभा राहून म्हणाला, आबा, गाडीची बाळंतीण केलीत तुम्ही, आता खाटेखाली शेगडी तेवढी ठेवा. त्याला हसायला काय जातं. जोखीम माझ्यावर आहे.

दोन-तीन दिवस माझं डोकं जड आहे. काल उठताना तोल गेला, गव्हाणीला धरून उभा राहिलो. थंडी बाधली असेल. आजीला कळवू नको, ती लगेच काढा करून पाजेल.

तुझ्या पायाला लावायला तिळाचं तेल पाठवलं आहे, कोमट करून लाव.

आबा


कोथरूड
२ डिसेंबर

ती. आबा,

हे पत्र हातात पडताच गोठ्याची दोन्ही दारं उघडा आणि गाडीजवळ जाऊ नका. तुमचं डोकं थंडीने जड झालेलं नाही, गाडीच्या धुराने झालं आहे. बंद जागेत त्या धुराने माणूस बसल्या जागी जातो, त्याला कळतसुद्धा नाही. मी सुखदेवला सांगितलं आहे, तो तुम्हाला डॉक्टरकडे नेईल. आजीलाही फोन करून सांगितलं. रागवा माझ्यावर.

दुसरं, तो काटा पाण्याचा आहे, तेलाचा नाही. पाणी लवकर तापतं, तेल मागून तापतं. जागेवर उभी ठेवून तर तेल फारच हळू तापतं आणि वर न जळलेलं पेट्रोल त्यात उतरून ते पातळ होतं. रोज पाऊण तास चालू ठेवून गाडीचं भलं होत नाही, उलट होतं. ती हळूहळू चालवली तरच तेल नीट गरम होतं. नाहीतर हात लावू नये. तुम्ही हात लावू नका.

घाईत लिहिलंय. डॉक्टर काय म्हणाले ते कळवा.

पृथ्वीराज


लोणी काळभोर
९ डिसेंबर

चि. पृथ्वीराज यास आशीर्वाद.

डॉक्टर म्हणाले, वाचलात. पहिले दोन दिवस आजी मला गोठ्याच्या बाजूला फिरकू देत नव्हती. चूक माझीच होती, पण तुझं पत्र वाचून दुसरी काळजी लागली. मी इतके दिवस ते तेल पातळ करत बसलो. आता तू लिहिलंस की एक तर हळूहळू चालवावी, नाहीतर हात लावू नये. हात तर मी लावून बसलो होतो. मग पहिलंच उरलं.

घाबरू नको. ट्रॅक्टर मी अजून चालवतो आणि माझं लायसन मागच्याच वर्षी नवं करून घेतलं आहे, ते बंडीच्या आतल्या खिशात असतं. आजी शेजारी बसते, कारण हॉर्न मला ऐकू येत नाही. कोणी मागून वाजवला की ती माझा गुडघा दाबते.

गोठ्यातून निघायचं, ओढ्याच्या पुलावरून मळ्यांच्या रस्त्याने हायवेच्या तोंडापर्यंत जायचं आणि फिरवून आणायची. दुसऱ्या गिअरच्या वर मी जात नाही. रस्त्यात सात-आठ गतिरोधक आहेत आणि गाडीचं पोट टेकेल याची मला धास्ती. म्हणून प्रत्येक ठिकाणी आजी खाली उतरते, पदर खोचून वाकते आणि हाताने ये ये करते. पोट सुटलं की परत बसते. पहिल्या दिवशी पारावरच्या लोकांनी उभं राहून बघितलं. उत्तरेश्वर ओरडला म्हणे, सोनबा, गाडी हाय का वरात? मला ऐकू आलं नाही, आजीने घरी येऊन सांगितलं. तिला फार मजा वाटते. काल ती त्यासाठी चांगलं लुगडं नेसली होती.

आकड्याचं सांगतो. ओढ्यापाशी चाळिसाच्या आसपास असतो, हायवे दिसायला लागला की सत्तरच्या पुढे जातो. ऐंशी अजून आपल्याला दिसलेले नाहीत. त्याआधी हायवे येतो आणि मी घाबरून वळवतो. एवढं चालेल का? का माझ्या हळूपणाने आणखी काही बिघडतं आहे?

शनिवारी तनुजा येऊन गेली. हुरडा बांधून दिला आहे. बहीण तुझी, तुझंच कौतुक करत होती, दादा रोज पहाटे टेकडी चढतो म्हणाली, आपल्याला मागे टाकतो म्हणाली. ऐकून बरं वाटलं. मी तिला पुढे काही विचारलं नाही.

आबा


कोथरूड
१२ डिसेंबर

ती. आबा,

आधी रागाने एक पत्र लिहिलं होतं, ते फाडलं. सत्त्याहत्तराव्या वर्षी तुम्ही ती गाडी चालवता आणि आजी भर रस्त्यात उतरून तिच्या पोटाखाली बघते, हे वाचून मला काय वाटलं असेल? तनुजा वाचून हसत सुटली. मला हसू आलं नाही. लोक मागून जोरात येतात, आबा.

तेलाला काही बिघडत नाही. सत्तर पुरेसे आहेत.

या वेळी तुम्ही पायाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. पाय ऑगस्टमध्येच बरा झाला. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगीही दिली. ऑक्टोबरात एका रविवारी मी खाली गेलो, गाडीत बसलो, चालू केली. तेल गरम करत नेहमीसारखा हळू चांदणी चौकापर्यंत जाऊन येऊ म्हटलं. तेवढ्यात गेटमधून टँकर मागे मागे येऊ लागला. तो पी-पी आवाज. पुढचं मला नीट सांगता येणार नाही. हात ओले झाले, गिअरचा दांडा धरता येईना. टँकर पाणी ओतून गेला तरी मी तसाच बसलेला होतो. शेवटी वॉचमनने काच वाजवली, साहेब, गाडी चालूच आहे म्हणाला.

त्यानंतर मी ती इथे ठेवू शकलो नाही. रोज जाता-येता दिसायची. पार्किंगची कटकट वगैरे काही नव्हती. ऑफिसला बसने जातो. आई-बाबांना आणि तनुजाला पायाचंच कारण सांगितलं आहे. तिला वाटतं, टेकडी चालते पण क्लच चालत नाही.

वाकडचा माणूस येऊन घेऊन गेला की विषय संपेल. तोवर प्लीज चालवू नका.

पृथ्वीराज


लोणी काळभोर
१६ डिसेंबर

चि. पृथ्वीराज यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोन वेळा वाचलं आणि पेटीत ठेवलं. आजीला दाखवलेलं नाही. सुखदेव पाकिटाच्या जाडीवरून काय पृथ्वीदादाने पोथी पाठवली का म्हणून विचारत होता, त्याला वाटेला लावलं.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, मला डॉक्टरसारखं काही सांगता येत नाही. पण घाबरण्यातलं मला कळतं. मला फोन वाजला की भीती वाटते, वीज गेली की वाटते, आली की जास्त वाटते. तुझी आजी दळण आणायला गेली आणि उशीर झाला तर मी मनातल्या मनात सगळं करून मोकळा होतो. लोक हसतात आणि त्यांचंही खरं आहे. तेव्हा तुला मी भितोस कशाला असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

फक्त एक सांगतो. मला कोणी म्हणालं असतं की सोनबा, ही गाडी हायवेपर्यंत ने, तर मी अंथरूण धरलं असतं. मी हायवेला गेलोच नाही. मी तेल गरम करायला निघालो. पुलापाशी आकडा कमी होता म्हणून थोडा पुढे गेलो, तिथेही कमीच होता म्हणून आणखी पुढे गेलो. हायवे आपणहून आला. तो आला तेव्हा मी घाबरलो आणि वळलो, पण तोवर निम्मं काम झालेलं होतं. रोज तसंच करतो. रोज घाबरतो.

तू म्हणतोस चालवू नका. बरं, एकटा चालवत नाही. पण वाकडच्या माणसाला गाडी गरम करून दाखवावी लागेल, आणि मला त्याचं बोलणं ऐकू येणार नाही. आधी एकदा नीट बघून घ्यायला हवं. येत्या रविवारी सुखदेवच्या व्हॅनमधून ये. तू नुसता शेजारी बस. स्टिअरिंगला हात लावू नको. चष्मा लावला की मला रस्ता धूसर दिसतो आणि काढला की तो आकडा दिसत नाही. आजीला वाचायला बसवलं तर ती कुणाच्या मळ्यात काय लावलंय तेच बघत राहते. आकडा बघायला मला माणूस पाहिजे. बोटांनी दाखवलास तरी चालेल.

आजी मेथीची भाजी करणार आहे. येणार नसशील तर तसं कळव, म्हणजे मी वाट बघणार नाही. बघीनच, पण कळव.

आबा


लोणी काळभोर
२३ डिसेंबर

चि. पृथ्वीराज यास आशीर्वाद.

काल तू सुखरूप पोचलास हे सुखदेवने सांगितलं. तरी तुझ्या हातचं पत्र आल्याशिवाय मला पटत नाही.

कालचं माझ्या मनातून जात नाही. सगळा रस्ताभर तू बोटांनी आकडे दाखवत होतास, त्यामुळे माझं लक्ष निम्मं तुझ्या हातांकडे होतं. हायवेच्या तोंडाशी रसवंतीजवळ मी गाडी थांबवली आणि लघवीला गेलो. तुला वाटेल मी मुद्दाम उतरलो. तसं नाही, या वयात धीर निघत नाही, थंडीत तर मुळीच नाही. परत आलो तर तू माझ्या जागेवर बसलेला. हात स्टिअरिंगवर नव्हते, मांडीवर होते. माझ्याकडे बघत नव्हतास.

मी विचारलं, "तेल गरम झालंय ना?"

तू मान हलवलीस.

"मग मी रस पितो," एवढंच मी म्हणालो आणि बाकावर जाऊन बसलो. गाडी हलली तेव्हा मी बघितलं नाही. ग्लास हातात तसाच राहिला, रसवाला दोनदा विचारून गेला, आलं कमी पडलं का.

तू किती वेळाने आलास ते मी मोजलं नाही, मोजलं असतं तर मला काहीतरी झालं असतं. एक अँब्युलन्स गेली, तिचा दिवा दिसला तेव्हा मी उठून रस्त्याच्या कडेला गेलो. मग तू आलास, माझ्या बाजूचं दार आतून उघडलंस आणि घरापर्यंत एक शब्द बोलला नाहीस. बोललाही असशील, मला ऐकू आलं नाही. यंत्र खिशात होतं.

निघताना उंबऱ्यावर तू आजीच्या कानाशी काहीतरी म्हणालास. तिने पदराने डोळे पुसले. मी विचारलं तर म्हणते काही नाही. तेव्हापासून मला हाच घोर लागला आहे. तिकडे काय झालं? तिला काय सांगितलंस? वाईट असेल तरी चालेल, कागदावर लिही.

आबा


कोथरूड
२५ डिसेंबर

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

आधी आजीचं सांगतो. मी तिला म्हणालो, आजी, तू गतिरोधकाला उतरतेस ते बरं करतेस, आबांच्या वेगाला तू चालत गेलीस तरी पुढे राहशील. ती रडली नाही, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही चिडाल असं तिला वाटलं.

आता तिकडचं. मी सोलापूरच्या बाजूला वळलो. थेऊर फाट्यापर्यंत ठीक होतं. पुढे कुंजीरवाडीच्या अलीकडे एक टँकर दिसला, पाण्याचाच. मागे येत नव्हता, सरळ त्याच्या वाटेने चालला होता. तरी हात ओले झाले. मी डावीकडे घेतली आणि एका नर्सरीच्या दारात थांबवली. इंजिन चालू होतं. तिथला माणूस आला, त्याला वाटलं झाडं घ्यायला आलोय. त्याने मोगऱ्याची, जास्वंदीची रोपं आणून आणून दाखवली. मी नुसता मान हलवत होतो. शेवटी तो म्हणाला, साहेब, नक्की कुठलं देऊ?

तेवढ्यात पडद्याकडे लक्ष गेलं. तेलाचा आकडा उतरायला लागला होता. तुम्ही गोठ्यापासून इथवर इतक्या कष्टाने वर आणलेला आकडा. मला ते बघवेना. म्हणून पहिला गिअर टाकला. त्या वेळी दुसरं काहीही डोक्यात नव्हतं, आकडा उतरू द्यायचा नाही एवढंच. हळू गेलो, पुढे वळायला जागा होती तिथून वळलो आणि परत आलो. येताना रस्ता मोकळा होता तिथे एकदा रेस दिली, थोडीशीच. ट्रॅकवर द्यायचो तशी नाही. आवाज तोच आहे, आबा. तेल अजिबात बिघडलेलं नाही.

घरी येईपर्यंत मी खरंच काही बोललो नव्हतो. तुमच्या कानाचा दोष नाही.

काल आई-बाबांना पायाचं खरं सांगितलं. तनुजाला आधीच संशय होता म्हणे. वाकडच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवलं आहे. तो नाराज झाला.

गाडी सध्या तुमच्याकडेच राहू दे. इथे गेटमधून रोज टँकर येतो, ते मला इतक्यात जमायचं नाही. येत्या रविवारी सुखदेवबरोबर येतो. त्याआधी एकट्याने बाहेर काढू नका. मी आलो की निघू. हायवेच्या तोंडापर्यंत तुम्हीच चालवा, मी शेजारी बसून आकडा सांगतो. तुम्ही चालवता तसंच चालवा, जरासुद्धा जोरात नको. मला अजून तेवढा वेळ लागतो.

पृथ्वीराज